बुवांना बोलवायचं, पण कितीला?

पत्राचा सारांश: सांगलीतल्या एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास, बँकेत नोकरी. गाणं शिकल्या लग्नाआधी, ऐकतात मात्र अजून जीव लावून. गावातल्या एका छोट्या संगीत मंडळाच्या कार्यक्रम समितीवर त्या आहेत. शाळेच्या पटांगणात मांडव घालून होणारा मंडळाचा जानेवारीतला दोन दिवसांचा महोत्सव यंदा पंचविसाव्या वर्षात जातोय. पहिल्या वर्षी ज्या बुवांनी समारोप केला, त्यांनाच यंदा समारोपाला आणावं, असं जुन्या सभासदांचं म्हणणं. बुवा आता ऐंशीच्या घरात आहेत. पहिल्या वर्षीची त्यांची बागेश्री बाईंनी वडिलांशेजारी बसून ऐकली होती. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी पुन्हा ऐकलं, तेव्हा दम पुरत नव्हता, तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, आवाज चिरकत होता, एके ठिकाणी अंतराच आठवेना आणि मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याने ओळ उचलली. तरुण सभासदांना टीव्ही-यूट्यूबवर गाजलेलं एक मोठं नाव हवंय. त्यात मंडळाचे निम्म्याहून जास्त पैसे जातील. व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर खडाजंगी चालू आहे. एका बैठकीत बाई बोलून गेल्या, ‘बुवांनी आता थांबायला हवं. निदान आपण तरी त्यांना हसं व्हायला बोलवू नये.’ त्यावर मंडळाचे संस्थापक, जे नात्याने त्यांचे चुलत सासरे, उठून गेले. तेव्हापासून त्यांनी अबोला धरला आहे. बाई विचारतात: मी चुकले का? श्रोत्यांशी प्रामाणिक राहायचं की ज्येष्ठांचा मान ठेवायचा? आणि यादीत नक्की कोण असावं?

ताई,

तुमचं पत्र चांगलं ऐसपैस आहे. कोण काय म्हणालं, कुणी रागाने ग्रुप सोडला, कुणाला समजूत घालून परत घेतलं, सगळं आहे. बुवा काय म्हणाले, एवढं मात्र कुठेच नाही. महिनाभर तुम्ही सगळे ज्या माणसावरून भांडताय, त्याला अजून कुणी फोनच केलेला नाही, असंच ना? त्यांना यायचंय का, आले तर गायचंय का, किती वेळ, कुणाला साथीला घेऊन, यातलं काही ठाऊक नसताना निम्म्या समितीने त्यांना समारोपाला बसवून टाकलं आणि निम्म्या समितीने निवृत्त करून टाकलं. पत्र तुमचं आहे म्हणून तुम्हाला सांगते, पण पहिल्या निम्म्यांनाही हेच सांगितलं असतं.

गाणाऱ्याने कधी थांबावं, हा रसिकांचा आवडता विषय. चहा आणि भडंग समोर असलं की तासभर सहज निघतो. उत्तर द्यायचा अधिकार मात्र आपल्याकडे कधीच नव्हता. सुरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींनी ऐन उमेदीत जाहीर वादन बंद केलं. लोक आयुष्यभर हळहळले, पण त्या पुन्हा मंचावर आल्या नाहीत. भीमसेन जोशी आजारपणानंतर २००७ मध्ये पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पुन्हा गायला बसले, त्या मंचावरचं त्यांचं ते अखेरचं गाणं. आशाताई तर तुमच्या सांगलीच्याच. ८ सप्टेंबर २०२३ ला, नव्वदाव्या वाढदिवशी, त्या दुबईत मंचावर उभ्या राहून गायल्या. तिघांचे तीन निर्णय, आणि तिन्ही ज्याचे त्याने घेतलेले. तुमच्या समितीच्या हातात आहे ते एवढंच की बोलवायचं की नाही, कितीला बसवायचं, किती वेळ द्यायचा आणि बिदागी काय द्यायची. हे सगळं सोडून तुम्ही त्या न सुटणाऱ्या प्रश्नावर महिना घालवलात.

आता ‘आवाज गेला’ याबद्दल. आपल्या भागातल्या माणसांनी तरी हे वाक्य जपून वापरावं. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन भरात असताना अति गाण्याने बसला. परत आला तो पूर्वीचा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि पुढे कोल्हापूर दरबारात आल्यावर ज्या गाण्याने लोकांना वेड लावलं ते हेच गाणं. गंगूबाई हनगलांचा आवाज गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पार बदलला, जाड आणि भरदार झाला. आज गंगूबाई म्हटलं की तोच आवाज कानात येतो, आधीच्या ध्वनिमुद्रिकांतला कोवळा आवाज ऐकवला तर नवी मुलं ओळखतही नाहीत. कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस क्षयाने निकामी केलं होतं. लांब दमसास गेला, आणि लहान लहान स्वरवाक्यांतून त्यांनी जे उभं केलं त्यावर आजही वाद घालता येतो.

पण इथे मी तुम्हाला फसवणार नाही. ही माणसं तेव्हा विशी-तिशीत, फार तर चाळिशीत होती. पुढे घडवायला वर्षं शिल्लक होती. ऐंशीव्या वर्षी गेलेला दम परत येत नाही. तेव्हा ‘बुवा अजून तसेच गातात’ हे तुमच्या जुन्या सभासदांचं म्हणणं प्रेमाचं आहे, खरं नाही. जातं काय ते सरळ मान्य करावं. वरचे स्वर जातात, लांब श्वास जातो, द्रुतातली सपाट तान जाते आणि शब्द दगा देतात. राहतं काय तेही नीट बघावं. खर्ज, म्हणजे खालचा आवाज, बऱ्याचदा राहतो, कधी कधी अधिकच गोड होतो. लय राहते, समेवर यायची नजर राहते. बंदिशींचा साठा राहतो. एखाद्या रागात निषादावर किती थांबायचं आणि कुठून वळायचं, ही समज तर वाढलेली असते. ज्याचं सगळं गाणं तानबाजीवर उभं होतं त्याचं म्हातारपण मंचावर अवघड जातं, हे खरंच. आलापीवर, बंदिशीच्या मांडणीवर ज्याची भिस्त होती, त्याच्याकडे ऐंशीतही पाऊण तास ऐकण्यासारखं असतं. तुमचे बुवा यातले कुठले? पंचवीस वर्षांपूर्वी बागेश्रीतलं तुमच्या मनात काय राहिलं ते आठवून बघा. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘मध्यमावर त्यांनी नुसतं थांबूनच ठेवलं होतं.’ तान तुम्हाला आठवलेली नाही. म्हणजे उत्तर तुमच्याजवळच आहे.

आणि ते ‘हसं’. त्या दुसऱ्या गावी खरंच कुणी हसलं का? तुमच्या वर्णनात तर कुणी हसलेलं दिसत नाही. गुरू अडखळला, शिष्याने ओळ उचलली, गाणं पुढे गेलं. तानपुऱ्यावर शिष्य बसवतात तो नुसत्या तारा छेडायला नव्हे, हे तुम्ही गाणं शिकलेल्या, तुम्हाला मी काय सांगणार. त्या क्षणी अवघडल्यासारखं झालं ते तुम्हाला. मांडीला मांडी लावून वडिलांबरोबर ऐकलेलं ते गाणं तुम्हाला जसंच्या तसं राहायला हवं होतं. ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे, पण तिला ‘श्रोत्यांशी प्रामाणिकपणा’ हे नाव देऊ नका. पहिल्यांदा ऐकायला आलेल्या पोराकडे ती जुनी बागेश्री नाही. तो बुवांना त्यांच्या आजच्या गाण्यावरच जोखेल, आणि कदाचित तुमच्यापेक्षा जास्त खूश होऊन घरी जाईल.

आता माझा प्रश्न. त्या गावी बुवांना कितीला बसवलं होतं? तुम्ही वेळ लिहिलेली नाही, पण पैज लावून सांगते, रात्री नऊनंतर.

हे कसं होतं ते बघा. कार्यक्रम साडेपाचचा. सहा वाजता दीपप्रज्वलन. मग स्वागत, प्रास्ताविक, देणगीदारांचे सत्कार, शाल, नारळ, ‘चार शब्द’ म्हणून अर्धा तास. पहिली तरुण गायिका पाऊण तासाच्या जागी सव्वा तास गाते, कारण तिलाही सांगलीत पुन्हा कधी बोलावणं येईल ठाऊक नसतं. मग सतारवादक, तो तारा मिळवण्यात पंधरा मिनिटं घेतो. मध्यंतर. ज्येष्ठांनी शेवटी बसायचं हा मैफलीचा जुना मान, म्हणून बुवा साडेसहापासून मागच्या वर्गखोलीत. बाकावर बसून, मफलर गुंडाळून. चहा दोनदा येतो आणि दोनदा निवतो. शिष्य तिसऱ्यांदा तानपुरे मिळवतो, कारण बाहेर गारठा वाढत चाललाय आणि तारा उतरताहेत. बाथरूम मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. नऊ वाजून पाच मिनिटांनी बुवा मंचावर. दहाला ध्वनिवर्धक बंद करायचा, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळू शकते, पण छोट्या मंडळाच्या वाट्याला ती कुठली. पावणेदहाला चिटणीस विंगेतून घड्याळ दाखवतात. त्या चाळीस मिनिटांत विलंबित, द्रुत, नाट्यगीताची फर्माईश आणि भैरवी. थंडीत, थकलेल्या शरीराने, न तापलेल्या गळ्याने. तार षड्ज चिरकेल नाही तर काय होईल? चाळिशीतल्या गवयाचाही चिरकेल.

शेवटी बसायचा मान रात्रभराच्या मैफलीतला आहे. सवाईसुद्धा एके काळी रात्र रात्र चालायचा. ज्येष्ठ गवई पहाटेला बसायचा तेव्हा त्याच्यासमोर वेळ मोकळा असायचा, निवडक दर्दी उरलेले असायचे आणि रागही पहाटेचे मिळायचे. रात्र कापून दहाला आणली, आणि शेवटची जागा मात्र तशीच मानाची ठेवली. त्या जागेत आता मान कमी आणि घाई जास्त आहे. तुमचा सगळा वाद त्या एका जागेवरून आहे, आणि ती जागाच मुळात वाईट आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळचं सत्र ठेवा आणि ते फक्त बुवांचं असू दे. फार पहाटे नको. म्हाताऱ्या गळ्याला उघडायला वेळ लागतो आणि जानेवारीत कृष्णाकाठी आठला अजून गारवा असतो. साडेनऊ-दहाला, मांडवात नको, शाळेच्याच हॉलमध्ये. तोडी, जौनपुरी, त्यानंतर एखादा सारंग, म्हणजे जे राग संध्याकाळच्या महोत्सवांमुळे मंचावरून हद्दपार होत चाललेत, तेही ऐकायला मिळतील. हॉल लहान म्हणून श्रोते जवळ बसतील आणि माइकवर फार ओरडावं लागणार नाही. वेळेची अट घालू नका. पस्तीस मिनिटांत उठावंसं वाटलं तर उठू दे, रंग चढला तर दीड तास गाऊ दे. सत्कार वगैरे जे काही असेल ते आदल्या दिवशी उरका, सकाळी एकही भाषण नको. पत्रिकेत या सत्राचं नाव सगळ्यात वर छापा. मग मानाचं काय, हा प्रश्न कुणी काढणार नाही.

बुवा म्हणाले, ‘नाही, मी समारोपच करणार,’ तर? तो त्यांचा हक्क समजा आणि मग संध्याकाळ त्यांच्याभोवती आखा. साडेपाचला म्हणजे साडेपाचला सुरू, आधी एकच कलाकार, साडेसातला बुवा, साडेआठ-नऊला महोत्सव संपला. महोत्सव दहालाच संपला पाहिजे असा काही नियम नाही. घरी जाऊन लोक गरम जेवतील.

दुसरं, बारीकसारीक गोष्टी. असल्या गोष्टींवर समित्या कधी बोलत नाहीत आणि गाणं नेमकं तिथेच बिघडतं. बुवा आता कोणत्या पट्टीत, म्हणजे पेटीवरच्या कोणत्या सुराला ‘सा’ धरून, गातात ते विचारा. पूर्वी काळी एक असली तर आता पांढरी एक असू शकते, त्याहूनही खाली असू शकते. पट्टी उतरवण्यात कमीपणा नाही, पण पेटीवाल्याला आणि तबलजीला ती आधी ठाऊक हवी. ऐन वेळी तबला बदलायची धावपळ बघणाऱ्याला सगळं कळतं आणि गाणाऱ्याचा मूड जातो. तानपुरे मिरजेहून आणा. पाच-सहा मैलांवर जगात नावाजलेले तानपुरे बनतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि आपल्या मंचावर मोबाइलमधला तानपुरा लावून ठेवायचा हे बरं दिसत नाही. त्या पट्टीला शोभेल अशी जोडी आणि तारांचा नाद खुलेल अशी ताजी जवारी काढून द्या म्हणावं, कारागीर समजून घेतात. साउंडवाल्याला सांगा की आवाजात ‘इको’ अजिबात नको. कापऱ्या आवाजावर इको टाकला की कंप दुप्पट होतो. मांडी घालवत नसेल तर लाकडी चौरंगासारखी बैठक करा, पाय सोडून बसता येईल अशी, आणि पुढे चादर सोडा. पायऱ्यांना धरायला कठडा. बाथरूम जवळ. शिष्याला तानपुऱ्यावर बसवा आणि माइकही द्या, नुसता शोभेला नको.

मंडळातले काही जण मधला मार्ग सुचवतील, किंवा एव्हाना सुचवलाही असेल. बुवांना बोलवू, शाल-श्रीफळ देऊ, गायला नको. हे मात्र त्यांना न विचारता करू नका. ज्याने साठ वर्षं गायलं त्याला मंचावर बोलावून तानपुऱ्याशिवाय खुर्चीत बसवणं म्हणजे चारचौघांत निकाल वाचून दाखवणं. त्यांना स्वतःला गाण्यापेक्षा बोलणं आवडणार असेल तर सप्रयोग मुलाखत ठेवा. बोलता बोलता दोन ओळी गातील, एखादी अनवट बंदिश सांगतील. पण मुलाखतकार घरचा अभ्यास केलेला हवा. ‘आपल्याला गाण्याची आवड कशी निर्माण झाली?’ असं विचारणारा नको, त्यावर बुवांनी आजवर हजारदा उत्तर दिलेलं असणार.

आणि समजा ते नाहीच म्हणाले. मग पहिल्या वर्षीचं ध्वनिमुद्रण शोधा. कुणाकडे तरी कॅसेट असेलच, २०१९ च्या पुरात वाहून गेली नसली तर. त्यांची परवानगी घेऊन समारोपाला तेवढी बागेश्री ऐकवा, दिवे मंद करून, बाकी काही नको. पुण्याच्या सवाईचा शेवट कशाने होतो? सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतल्या भैरवीने. इतके दिग्गज गाऊन गेल्यावर तबकडीवरची तीन मिनिटं, आणि माणसं जागचे हलत नाहीत. बुवांनी होकार दिला तरीही ती कॅसेट शोधा आणि आधी डिजिटल करून घ्या. दमट हवेत टेपला बुरशी लागते.

आता तरुणांच्या त्या मोठ्या नावाबद्दल. त्यावर नाक मुरडणारे सभासद तुमच्याकडे असणार. त्यांना एक जुनी हकिगत सांगा. मिरजेत राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, ती तीन मिनिटांची तबकडी, गदगच्या एका दुकानात वाजत होती. शाळकरी भीमसेन ती ऐकून थबकला, आणि पुढे १९३३ मध्ये गाणं शिकायला घर सोडून पळाला. त्या काळचे जाणते तबकडीला नावं ठेवतच होते, की तीन मिनिटांत कसला राग मांडणार. आज यूट्यूबवर तुकडा ऐकून येणाऱ्या पोराला नावं ठेवायची असतील तर आधी हे आठवावं. शिवाय सांगलीकरांनी ‘लोकप्रिय’ या गोष्टीला कमी लेखायचं म्हणजे दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीला विसरायचं. ज्या गावात नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचं नाव आहे, तिथे गर्दी हा गुन्हा कधीच नव्हता.

माझी हरकत नावाला नाही, हिशेबाला आहे. निम्म्याहून जास्त पैसे एका संध्याकाळी गेले की उरलेल्या पैशांत बाकी कलाकार ‘प्रसिद्धी मिळेल’ या बोलीवर आणावे लागतात. मग तुमच्याच जिल्ह्यातली एखादी चांगली गाणारी मुलगी तबलजीचा खर्च स्वतःच्या खिशातून करते. हे मी बघितलंय आणि ते मला पटत नाही. मोठं नाव आणायचंच असेल तर त्या एका संध्याकाळचे पैसे वेगळे उभे करा, तिकीट लावा, प्रायोजक मिळवा, आणि ती जबाबदारी मागणी करणाऱ्यांनीच घ्यावी. मूळ महोत्सवाच्या पैशाला हात लावू नका. जबाबदारी अंगावर आली की किती जण मागे सरतात ते कळेल. कदाचित कुणीच सरणार नाही, आणि मग आनंदच आहे.

यादीत कोण असावं, हे तुम्ही मला विचारलंत. नावं मी देणार नाही. नावांच्या याद्या तुमच्या ग्रुपवर खंडीभर पडल्यात: एकाला कौशिकी हव्यात, दुसऱ्याला राहुल देशपांडे, तिसऱ्याला उल्हास कशाळकर, चौथा म्हणतो व्यंकटेश कुमार नसतील तर मी येतच नाही. यातलं कुणीही आलं तर मीही पहिल्या रांगेत बसेन. पण याद्या वाचताना एक गंमत दिसते. साठीतल्या सभासदाच्या यादीत त्याच्या पंचविशीतले कलाकार आणि पंचविशीतल्याच्या यादीत त्याच्या मोबाइलमधले. प्रत्येकाला आपलं ऐकलेलंच पुन्हा ऐकायचंय. न ऐकलेलं कुणी मागत नाही. म्हणून ग्रुपवर प्रश्न बदला. ‘कोण हवं’ याऐवजी ‘काय ऐकायचंय’ असं विचारा. कुणी म्हणेल सकाळचे राग, कुणी म्हणेल नुसती सारंगी, कुणी म्हणेल ठुमरी-दादरा, कुणी म्हणेल ध्रुपद. पंचवीस वर्षांत तुमच्या मंचावर ध्रुपद एकदा तरी झालं का? सारंगी एकटी वाजली का? हे एकदा लिहून काढलं की नावं आपोआप सुचतात, आणि बरीचशी अशी सुचतात जी तुमच्या पैशांत बसतात. धारवाडचे व्यंकटेश कुमारच बघा. गदगच्या आश्रमात पुट्टराज गवईंकडे शिकलेला हा गवई आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर वर्षानुवर्षं गात होता, महाराष्ट्रातल्या मोठ्या मंचांनी त्यांना डोक्यावर घेतलं ते उशिरा. तेव्हा त्यांना बोलावणाऱ्या छोट्या मंडळांनी काही उपकार केले नव्हते, त्यांनी नुसते कान उघडे ठेवले होते.

छोट्या गावाला हे जमतं का, असं कुणी म्हणालं तर आमच्या सातारा जिल्ह्यातलं औंध दाखवा. अंतुबुवा जोशींनी आपल्या गुरूंच्या, शिवानंदस्वामींच्या, स्मरणार्थ १९४० मध्ये तिथे संगीत उत्सव सुरू केला. गाव केवढंसं! पण तिथे गायला मिळणं हा गवयांनाच मान वाटतो. आणि मिरज तर तुमच्या दारात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या सभेला कलाकार येतात ते हजेरी लावायला. तिथे कुणी शेवटी बसायच्या जागेवरून समिती नेमल्याचं ऐकिवात नाही. कराड, वाई, इस्लामपूर, विटा, कुठेही असं मंडळ चालवणाऱ्यांनी एकदा या दोन ठिकाणी जाऊन नुसतं मागे बसून बघावं, व्यवस्था कशी असते ते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आणि तुमच्या तरुण सभासदांनाही सांगते. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य इतिवृत्तात लिहायचं नाही. ९ जानेवारी २०२४ ला रशीद खाँ गेले, वय ५५. चारच दिवसांनी, १३ जानेवारीला प्रभाताई अत्रे गेल्या, वय ९१. एकाला ‘अजून तरुण आहेत, कधीही बोलवू’ म्हणून ठेवलेलं, दुसरीला ‘आता वय झालं, कशाला त्रास’ म्हणून. दोन्ही कारणं एकाच आठवड्यात संपली. किती मंडळांच्या वह्यांत ती दोन नावं तशीच राहिली असतील.

राहिले तुमचे काका, म्हणजे ते अबोला धरलेले चुलत सासरे. तुम्ही विचारलंत, मी चुकले का. मत मांडलंत त्यात काही चूक नाही, समितीवर त्यासाठीच घेतलंय. पण ‘हसं’ हा शब्द चारचौघांत बोलायचा नव्हता. आणि एक सांगू? काकांनी तो बुवांसाठी ऐकलाच नसेल. तुमच्या पत्रावरून काका आणि बुवा साधारण एकाच वयाचे दिसतात. पंचवीस वर्षं मंडळ त्यांनी चालवलं, आणि अलीकडे हिशेबाची वही दुसऱ्याकडे गेली, मांडवाचं काम कंत्राटदाराकडे गेलं, पत्रिका आता मोबाइलवर निघते, हेही तुम्हीच ओघात लिहिलंय. अशा माणसासमोर घरातल्या सुनेने म्हटलं, ‘आता थांबायला हवं’. ते उठून गेले यात मला तरी नवल वाटत नाही.

तेव्हा त्यांच्या घरी जा. ग्रुपवर माफी नको, मध्यस्थ नको, सणाची वाट बघणं नको. संध्याकाळी, चहाच्या वेळेला, एकटीच. म्हणा, ‘काका, माझा शब्द वावगा गेला. मत अजून आहे, पण शब्द चुकला.’ मग मत काय आहे ते सांगा, सकाळच्या सत्राचं सांगा, पट्टीचं आणि बैठकीचं सांगा. ते तुम्हाला दोन गोष्टी सुनावतील, त्या ऐकून घ्या. आणि मग बुवांना फोन त्यांनाच करायला सांगा. पंचवीस वर्षांपूर्वीचं आमंत्रण त्यांनीच दिलं असणार, हेही त्यांनीच द्यावं. बुवा एखाद्या तरुण चिटणिसाला तोंडदेखलं ‘हो हो, येतो’ म्हणतील, काकांना खरं सांगतील.

फोनवर काय बोलायचं ते आधी ठरवून घ्या. आधी तब्येत. मग, पंचविसावं वर्ष आहे, तुमच्याशिवाय आम्हाला ते करायचं नाही, तुम्हाला कसं सोयीचं पडेल तसं करू: गायचं, बोलायचं, की नुसतं येऊन बसायचं. सकाळ बरी पडेल की संध्याकाळ? साथीला कोण हवं? एवढं विचारून गप्प बसायचं, त्यांना विचार करायला वेळ द्यायचा. होकाराची घाई करायची नाही आणि नकार आला तर गळ घालायची नाही. तब्येतीचं, औषधाच्या वेळांचं, प्रवासाचं नंतर त्यांच्या शिष्याशी किंवा घरच्यांशी वेगळं बोला. रेल्वेने येणार असतील तर मिरज जंक्शनला उतरवून घ्यायला गाडी पाठवा आणि गाडीत कुणीतरी सभासद असू द्या, नुसता ड्रायव्हर नको. बिदागीचा आकडा ते आले तर गाण्याचा, बोलले तर बोलण्याचा असा कमी-जास्त करू नका. जे ठरेल ते एकच, आणि पाकीट कार्यक्रमाआधी हातात.

आणि बुवांचं उत्तर येईपर्यंत ग्रुपवर एक अक्षरही टाकू नका. त्यांचा शिष्य कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर असणारच, आणि सांगलीत सकाळी टाकलेला मेसेज दुपारपर्यंत धारवाड-पुणे करून येतो. बुवांना आपल्याबद्दलचा तुमचा महिनाभराचा वाद फोनच्या आधी कळला, तर काकांनी फोन करूनही काही उपयोग नाही.